बेळगावात डिझाइन शिकायचंय? आधी हे कारखाने फिरून या

डिझाइनला जायचं ठरलं की आपल्याकडची पोरं लगेच पुण्या-बेंगळुरूच्या एजन्सींची नावं शोधायला लागतात. जावा की, मी पण गेलेय, पण त्याआधी आपल्या बेळगावात नि आजूबाजूच्या तालुक्यांत जिथं रोज काहीतरी डिझाइन होऊन बाहेर पडतं त्या जागा बघून घ्या असं मला मनापासून वाटतं. मोठ्या स्टुडिओत पाहुण्याला फायनल झालेलं काम दाखवतात, इथं अर्धवट काम समोर पडलेलं असतं नि करणारा माणूस शेजारीच बसलेला असतो, विचारलं की सांगतो. आणि हे गाव काही कमी नाही हं, चित्रकार रवी परांजपे इथलेच, इथल्याच चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांकडे शिकून मग जाहिरातीच्या जगात गेले.

पहिल्यांदा बाजारातल्या एखाद्या डीटीपी-फ्लेक्सच्या दुकानात, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून बोर्ड छापतात तिथं, बसा. लोक याला डिझाइन मानतच नाहीत, मला ते अजिबात पटत नाही. एकाच बोर्डावर कन्नड नि मराठी दोन्ही बसवायचं म्हणजे काय असतं ते तिथं कळतं. कर्नाटकात बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे, म्हणजे मराठीला उरलेल्या जागेत बसायचंय. त्यात आपल्या अक्षरांना शिरोरेषा, वर वेलांटी, खाली उकार, आणि कन्नड अक्षर गोल, शिरोरेषा नाही, जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं. दोन्हीला सारखाच पॉइंट साइज दिला तर दोन्ही सारखी दिसत नाहीत, आणि ओळींत अंतर कमी पडलं की वरच्या ओळीचं लटकणारं अक्षर खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतं. तिथला ऑपरेटर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं नजरेनं जुळवतो, मोजपट्टी नाही काही नाही. त्यात श्रीलिपी किंवा कन्नडच्या नुडी सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसता कचरा दिसतो, म्हणून छापायला देण्याआधी सगळं कर्व्हमध्ये बदलतात, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार उरतात, आणि मग एक ऱ्हस्व-दीर्घ जरी चुकलं तरी तो शब्द परत टाइप करायला लागतो. हे कॉलेजमध्ये कुणी सांगत नाही.

मग उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या भागात जा. फाउंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने, सगळ्यांना माहीत असतात, पण तुम्ही पॅटर्न शॉप शोधा, म्हणजे साच्यासाठी लाकडाचा किंवा अॅल्युमिनियमचा नमुना बनवतात ते. प्रॉडक्ट डिझाइनला जाणाऱ्यानं तर चुकवूच नये. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करतात, साध्या बिडाला (कास्ट आयर्नला) मीटरमागं साधारण १० मिलिमीटर, स्टीलला जवळपास दुप्पट. शिवाय उभ्या बाजूंना थोडा टेपर, म्हणजे किंचित उतार, नाहीतर पॅटर्न वाळूतून काढताना कडा ढासळते. स्क्रीनवर काढलेला सरळ काटकोन प्रत्यक्षात का चालत नाही ते तो पॅटर्न हातात घेतला की लगेच समजतं.

शहापूर, वडगाव, खासबागचे साड्यांचे माग बघा, टेक्स्टाइल करायचं असेल तर आलेखाच्या कागदावर भरलेलं बुट्टीचं डिझाइन आणि जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) पंच केलेली कार्डं दाखवा म्हणून सांगा. वेळ काढून अथणीला पण जा, तिथं कोल्हापुरी चपला बनतात. या चपलेला २०१९ मध्ये जीआय (मूळ ठिकाणाच्या नावाचं सरकारी मानांकन) मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहे, आणि अथणीत वेणी घालणं, पट्ट्यांवरची नक्षी ही कामं बऱ्याचदा घरातल्या बायका करतात, तेव्हा बोलायचं असेल तर त्यांच्याशी बोला, नुसतं दुकानातल्या मालकाशी नको.

कसं जायचं? ओळख नसली तरी चालतं. "काका, शिकायला आलोय, बघू का जरा?" म्हटलं की बहुतेक जण "या की, बसा" म्हणतात. अथणीकडं, आणि मागावरही बऱ्याच ठिकाणी, कन्नडच चालतं, "नोडबहुदेनरी?" एवढं विचारता आलं तरी पुरतं. फोटो मात्र विचारूनच काढा, कारण पार्ट किंवा साडीचं डिझाइन गिऱ्हाइकाचं असतं. आणि एक प्रश्न सगळीकडं विचाराच, वाया गेलेला माल कुठाय? रिजेक्ट कास्टिंग, उलटी वेलांटी छापलेला फ्लेक्स, धागा सुटलेला पदर. चांगल्या मालाबद्दल माणूस दोन वाक्यं बोलतो, वाया गेलेल्याबद्दल अर्धा तास बोलतो, कारण त्यात त्याचे पैसे गेलेले असतात.

कुणी महिनाभर बसू देतो म्हणाला तर काम काय नि पैसे किती हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. आणि गणपतीच्या आधी फ्लेक्सवाल्यांकडं जाऊ नका, त्यांना मान वर करायला सवड नसते, विसर्जन झाल्यावर जा.