सरासरीच्या आधी आर्मी लिस्ट: इंग्रज लष्करी क्रिकेटपटूची कारकीर्द कशी अभ्यासावी

जुन्या काळातला एखादा इंग्रज लष्करी अधिकारी प्रथमश्रेणी क्रिकेट खेळला, तर त्याचा अभ्यास करणारे बहुतेक नवखे थेट सरासरीकडे धाव घेतात. आधी त्याच्या नोकरीचा क्रम लावून घ्या. तो कधी खेळायला मोकळा होता हे कळल्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही.

सरावासाठी रॉबर्ट पूअर (१८६६–१९३८) घ्या. सेव्हन्थ हुसार्स या घोडदळातला अधिकारी. ५५ प्रथमश्रेणी सामने, ३४४१ धावा, सरासरी ३८.६६. यातून १८९९ चा इंग्लिश हंगाम वजा करा. त्या एका उन्हाळ्यात १५५१ धावा, सरासरी ९१.२३, म्हणजे बाद फक्त १७ वेळा. उरल्या १८९० धावा आणि ७२ वेळा बाद, सरासरी जेमतेम २६. असा माणूस ३८.६६ वरून जोखायचा कसा? त्याच हंगामात टाँटनला सॉमरसेटविरुद्ध त्याने ३०४ काढल्या. कॅप्टन टेडी विनयार्डसोबत (२२५) सहाव्या विकेटसाठी ४११ धावांची भागीदारी झाली. ऑक्टोबरमध्ये बोअर युद्ध पेटलं आणि पूअर दक्षिण आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला. फॉर्म गेला म्हणून नव्हे, हुकूम आला म्हणून खेळ थांबला.

वहीच्या पानाला मधोमध रेघ मारा. डावीकडे नेमणुका, हुद्दे, युद्धं, उजवीकडे सामने. डावी बाजू भरायला 'लंडन गॅझेट' हे सरकारी राजपत्र (ऑनलाइन, फुकट) आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवलेल्या आर्मी लिस्ट (अधिकाऱ्यांच्या छापील याद्या) पुरतात. पुढे जायचं असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यूओ ७६' या मालिकेत अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी आहेत. गॅझेटमध्ये अंकाची तारीख एक आणि बढती लागू झाल्याची तारीख दुसरी असते; दोन्ही टिपा. शोधयंत्र जुन्या छपाईतली अक्षरं चुकीची वाचतं, म्हणून आडनाव सापडलं नाही तर रेजिमेंटच्या नावाने शोधा.

उजवी बाजू जास्त फसवी. धावफलकावर एकच माणूस आज लेफ्टनंट, दोन वर्षांनी कॅप्टन, नंतर मेजर म्हणून येतो, आणि दोन माणसं समजून मोजला जातो. उलट, एकाच आडनावाचे दोन अधिकारी एक होऊन बसतात. आद्याक्षरं आणि रेजिमेंट जुळल्याशिवाय आकडा चढवू नका. रेजिमेंटचे आणि छावणीतले सामने प्रथमश्रेणी नाहीत, मग शतक कितीही देखणं असो. अकरांविरुद्ध पंधरा जण उतरले असतील तर तेही नाहीत. लॉर्ड्सवरचे आर्मी विरुद्ध नेव्ही सामने मात्र १९१२ पासून काही वर्षं प्रथमश्रेणी धरले गेले.

हिंदुस्थानातला भाग मराठी वाचकाने तरी वगळू नये. पूअर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस (१८९०–९५) यांचा एडीसी (लष्करी मदतनीस अधिकारी) होता आणि युरोपियन संघातून पारशांविरुद्ध खेळला. १८९२ पासूनचे ते सामने प्रथमश्रेणी आहेत. ते मुंबई-पुण्यात ऑगस्ट-सप्टेंबरात व्हायचे, त्यामुळे इंग्लंडचा मे ते ऑगस्ट हंगाम डोक्यात ठेवून शोधाल तर ते हातून निसटतात. इथे तो पुस्तकं वाचून फलंदाजी शिकला, असं सांगतात. मृत्युलेखांत असल्या गोष्टी भरपूर. त्या वेगळ्या शाईने लिहा.

देशाच्या रकान्यातही घाई नको. १८९५-९६ मध्ये लॉर्ड हॉक यांच्या इंग्लिश संघाविरुद्ध तीन कसोटी पूअर दक्षिण आफ्रिकेकडून खेळला, कारण तेव्हा त्याची पलटण तिथे होती. पुढे बोअर युद्धात तो प्रोव्होस्ट मार्शल, म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुख. त्या युद्धात कैद्यांच्या हत्येबद्दल लेफ्टनंट ब्रेकर मोरंटवर चाललेल्या खटल्यावर लिहिणारे त्याच्या डायरीचा आधार घेतात. क्रिकेटच्या पुस्तकांत न भेटणारा पूअर तिथे भेटतो.

यानंतर विनयार्ड स्वतः करून पाहा. जन्म सहारनपूरचा, ब्रह्मदेशच्या मोहिमेत डीएसओ हे शौर्यपदक, कसोटी तीन: एक १८९६ मध्ये ओव्हलला, दोन १९०५-०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत. मधल्या नऊ वर्षांचा हिशेब आधी डाव्या रकान्यात शोधा.