डिस्ने वर्ल्डला जाताय? मुक्काम आत करावा की बाहेर, हे असं ठरवा

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की अमेरिकेतल्या मराठी घरांत फ्लोरिडातल्या ऑरलँडोचा, म्हणजे तिथल्या डिस्ने वर्ल्डचा, बेत हमखास शिजतो. पार्कची तिकिटं ठरतात, विमान ठरतं आणि घोडं अडतं ते मुक्कामापाशी. डिस्नेच्याच हॉटेलात राहायचं की बाहेर, किसिमी या शेजारच्या गावात, पोहण्याचा तलाव असलेलं घर घ्यायचं? बहुतेक जण दोन्हींचे एका रात्रीचे दर शेजारी मांडतात आणि स्वस्त ते घेतात. माझ्या मते सुरुवातच तिथे चुकते. आधी दिवसाचं वेळापत्रक मांडावं, पैशांचा हिशोब त्यानंतर.

पायरी 1 : ‘आत’ म्हणजे कुठे, ते नकाशावर पाहा

डिस्ने वर्ल्डची जागा सुमारे शंभर चौरस किलोमीटर आहे. तिच्यात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम असे चार वेगवेगळे पार्क आणि डिस्नेची पंचवीसच्या आसपास हॉटेलं आहेत. त्यामुळे आत राहिलं म्हणजे खिडकीतून मॅजिक किंगडमचा किल्ला दिसेलच असं नाही. कंटेम्पररी हॉटेलातून मॅजिक किंगडमच्या फाटकापर्यंत दहा मिनिटं चालत जाता येतं. ग्रँड फ्लोरिडियन आणि पॉलिनेशियनहून मोनोरेल आहे. बोर्डवॉक आणि बीच क्लबहून एपकॉट चालत गाठता येतं. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही तुलनेने स्वस्त हॉटेलं, पण 2019 मध्ये सुरू झालेल्या स्कायलायनर या पाळण्यांच्या रोपवेने ती एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जोडलेली आहेत. ऑल-स्टार हॉटेलांतून मात्र सगळीकडे बसनेच जावं लागतं.

म्हणून आधी घरच्यांना विचारा, सर्वांत जास्त वेळ कोणत्या पार्कात घालवायचा आहे? त्या पार्कच्या जवळचं हॉटेल परवडत असेल, तर आत राहण्यात खरा अर्थ आहे.

पायरी 2 : दुपारचं काय, ते ठरवा

सगळा निर्णय माझ्या मते या एका प्रश्नावर फिरतो. फ्लोरिडातला उन्हाळा कोकणातल्या मे महिन्यासारखा घामाघूम करणारा असतो आणि दुपारी गडगडाटी पाऊस जवळजवळ ठरलेला. विजा चमकू लागल्या की स्कायलायनर आणि उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. पार्कात दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं. तीन वर्षांचं मूल किंवा सत्तरीचे आजोबा सोबत असतील, तर एक वाजता खोलीवर येऊन जेवण, वामकुक्षी आणि पाचला पुन्हा पार्क, हाच क्रम टिकतो. रात्रीची आतषबाजी पाहायला मग सगळे ताजेतवाने असतात.

आता हीच फेरी बाहेरच्या मुक्कामावरून करून पाहा. मॅजिक किंगडमचा वाहनतळ फाटकाशी नाही. तो तळ्याच्या पलीकडे आहे. म्हणजे बाहेर पडून आधी फेरीबोट किंवा मोनोरेल, मग वाहनतळावर गाडीपर्यंतची चाल, आणि त्यापुढे किसिमीपर्यंत वीस-तीस मिनिटं ड्रायव्हिंग. एका बाजूला तास सव्वा तास सहज जातो. आमच्या पहिल्या सहलीत मुलगी माझ्या खांद्यावर झोपली ती बोटीत, आणि घराचं दार उघडलं तेव्हा टक्क जागी झाली. संध्याकाळी परत जायचं त्राण कुणातच उरलं नव्हतं. उरलेल्या दिवसांत आम्ही दुपारी परतायचा विचारच सोडला, आणि रोज चारनंतर रडारड.

पुढच्या खेपेला आत राहिलो. हॉटेलच्या बस मॅजिक किंगडमच्या फाटकाजवळच थांबतात. बसची वाट पाहणं धरूनही पाऊण तासात आम्ही खोलीत असायचो.

घरात सगळे दहा वर्षांच्या पुढचे, धडधाकट, सकाळी निघून रात्रीच परतणारे असतील, तर या मुद्द्याला फारसं वजन नाही. अशांनी बाहेर राहावं आणि वाचलेले पैसे चांगल्या जेवणावर खर्च करावेत.

पायरी 3 : आत राहून मिळणाऱ्या सवलती तुमच्या उपयोगाच्या आहेत का?

डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना चारही पार्कांत रोज इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. लवकर उठणाऱ्यांना हा अर्धा तास सोन्यासारखा आहे, कारण सर्वांत मोठ्या रांगांच्या एक-दोन राइड्स त्यात उरकतात. तुमच्याकडे नऊच्या आधी कुणी अंथरूण सोडत नसेल, तर ही सवलत हिशोबात धरू नका. डिस्ने स्प्रिंग्ज या डिस्नेच्या खरेदी-खाण्याच्या भागाजवळच्या काही बाहेरच्या हॉटेलांनाही ही सवलत असते. त्यांची यादी डिस्नेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

लाइटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून रांग टाळण्याची सोय, आत राहणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी एकदमच साऱ्या दिवसांसाठी आरक्षित करता येते. बाहेरच्यांना ती त्या-त्या दिवसाच्या तीन दिवस आधी मिळते. गर्दीच्या सुट्ट्यांत हा फरक चांगलाच जाणवतो. आतल्यांना पार्कांचं पार्किंग फुकट असतं. बाहेरून गाडी नेलीत तर दिवसाला 30 डॉलर किंवा त्याहून जास्त धरा.

विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांपर्यंत फुकट नेणारी बस जानेवारी 2022 मध्ये बंद झाली. जुन्या अनुभवावरून कुणी सांगितलं, तरी तिच्या भरवशावर राहू नका.

पायरी 4 : माणसं मोजा आणि चुलीचा विचार करा

डिस्नेच्या साध्या खोलीत चार माणसं राहतात. सहा जणांना दोन खोल्या घ्याव्या लागतात, नाहीतर आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनसारख्या ठिकाणचा महागडा फॅमिली स्वीट. साध्या खोलीत छोटा फ्रीज असतो, स्वयंपाकघर नसतं. आईला रात्री वरणभात लागतो, बाबांची पथ्यं आहेत, चतुर्थीचा उपवास मध्येच येतोय, अशा कुटुंबाला बाहेरचं घर हे वरदान आहे. ऑरलँडोत भारतीय किराणा मिळतो. पहिल्या दिवशी तांदूळ, डाळ, दही आणून टाकलं की पाच दिवसांची चिंता मिटते.

आत राहूनही उपाशी राहावं लागत नाही. पार्कात घरचा खाऊ नेता येतो, फक्त काचेची भांडी आणि सुटा बर्फ चालत नाही. दशम्या, ठेपले, चिवडा, लाडू खुशाल न्या. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या सना या उपाहारगृहात नान आणि चटण्यांचं मोठं ताट मिळतं, शेजारी जिराफ चरत असतात. आमच्या सासूबाईंना अख्ख्या सहलीत आवडलेलं जेवण तेच.

पायरी 5 : आता पैसे मांडा, पण सगळे

इथले आकडे समजुतीपुरते आहेत. तुमच्या तारखांचे दर त्या जागी घाला. सहा जण, पाच रात्री, चार दिवस पार्क.

आत : दोन खोल्या प्रत्येकी 200 डॉलर, म्हणजे रात्रीचे 400. ऑरेंज काउंटी या तिथल्या जिल्ह्याचा 12.5 टक्के कर धरून पाच रात्रींचे 2250. विमानतळाच्या जाण्यायेण्याचे समजा 200. एकूण 2450.

बाहेर : घराचे रात्रीला 250, म्हणजे 1250. साफसफाईचे 200. त्यावर किसिमीकडचा 13.5 टक्के कर. झाले सुमारे 1650. भाड्याची गाडी 400, पार्किंग 120. एकूण 2170, पेट्रोल वेगळं.

नुसत्या दरांत 750 डॉलरचा दिसणारा फरक 280 वर आला. स्वतःच्या गाडीने अटलांटाहून येत असाल, तर गाडीचे 400 आणि विमानतळाचे 200 दोन्ही गळतात आणि बाहेरचं घर पुन्हा बरंच स्वस्त पडतं. बाहेर हॉटेल घेत असाल, तर रोजचं रिसॉर्ट शुल्क (भाड्यावर हॉटेल लावतं तो जादा आकार) आणि हॉटेलचं पार्किंग आरक्षणाच्या शेवटच्या पानावर दिसतं. तिथपर्यंत गेल्याशिवाय तुलना करू नका. ‘मोफत शटल’ असेल तर तिच्या वेळा विचारा. दिवसात दोन-तीनच फेऱ्या असतील, तर दुपारी परतणं विसरा.

पायरी 6 : अर्धं-अर्धं जमतंय का पाहा

लवकर प्रवेशाची सवलत खोली घेतल्याच्या दिवसापासून सोडण्याच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून मिळते. म्हणजे दोन रात्रींत तीन सकाळी. आधी बाहेरच्या घरात आराम, आप्तांच्या गाठीभेटी, वरणभात. शेवटच्या दोन रात्री मॅजिक किंगडमजवळच्या हॉटेलात. सामान एकदा हलवावं लागतं, पण मोठ्या कुटुंबाला मी हाच मार्ग आधी सुचवते.

ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांनाही जाणार असाल, तर तिथलं गणित निराळं आहे. हार्ड रॉक, पोर्टोफिनो बे आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोलीतल्या सर्वांना युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरचा अमर्याद एक्सप्रेस पास, म्हणजे रांग टाळण्याचा पास, मिळतो. तोही आल्या आणि गेल्या, दोन्ही दिवशी. चौघांचे पास सुटे घेतल्यास गर्दीच्या दिवसांत ते खोलीच्या भाड्याहून महाग पडू शकतात. 2025 मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्या नव्या पार्कला मात्र हा पास चालत नाही.

पायरी 7 : आरक्षण करताना

रद्द करण्याच्या अटी आधी वाचा. डिस्नेची नुसती खोली घेतली, तिकिटांसह पॅकेज नाही, तर मुक्कामाच्या काही दिवस आधीपर्यंत ती रद्द करता येते. पॅकेजला महिनाभर आधीची मुदत असते. घरांच्या अटी मालकागणिक बदलतात. जून ते नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम, तेव्हा त्या काळात पूर्ण परतावा देणारंच घर घ्या. शिवाय आई-बाबांचा व्हिसा अजून हातात आला नसेल, तर तो येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेच भरू नका.