या चुका टाळा: पीपीटीत झाकलेलं फाइलमध्ये तसंच असतं

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या पीपीटींचं दुखणं एकच असतं. स्लाइडवर दिसत नाही म्हणजे ते फाइलमधून गेलं, असा लोकांचा ठाम समज. पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप केला की नको असलेला भाग फक्त झाकला जातो, मूळ फोटो फाइलमध्ये अख्खाच्या अख्खा असतो. गूगल स्लाइड्समध्येही हीच तऱ्हा.

याचा फटका कसा बसतो ते एका तालुक्याच्या ठिकाणी पाहिलं. एका योजनेचं प्रशिक्षण होतं. साहेबांना पाच मिनिटांत पीपीटी हवी होती, म्हणून ऑपरेटरने एक्सेलच्या यादीचा स्क्रीनशॉट घेतला, स्लाइडवर चिकटवला आणि गावाचं नाव व लाभार्थींची संख्या एवढे दोनच कॉलम ठेवून बाकी क्रॉप केलं. पडद्यावर सगळं स्वच्छ. संध्याकाळी कुणीतरी ‘पीपीटी मिळेल का’ म्हणालं आणि फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. एका ग्रामसेवकाला आकडे बारीक दिसत होते. त्याने फोटो मोठा करायला म्हणून क्रॉपचं बटण दाबलं, तर दोन्ही बाजूंना करड्या छटेत उरलेली यादी हजर! नावं, मोबाइल नंबर, बँक खाती, सगळं. त्याने भल्या मनाने फोन केला, पण तोवर फाइल आणखी ग्रुपांवर फिरली होती. आपल्या ग्रुपवरून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून पुढे गेलेली फाइल परत येत नाही. बोलणी ऑपरेटरनेच खाल्ली, घाई करणाऱ्याला कुणी काही म्हणालं नाही.

खात्री करायची असेल तर आपल्याच एखाद्या पीपीटीची कॉपी काढा आणि तिच्या नावाच्या शेवटचं ‘पीपीटीएक्स’ (pptx) पुसून ‘झिप’ (zip) लिहा. (शेवटची अक्षरं दिसत नसतील तर विंडोजमध्ये आधी फाइल एक्स्टेन्शन दाखवायला सांगा.) आता ती उघडा. आत ‘पीपीटी’ नावाचं फोल्डर, त्यात ‘मीडिया’. तुम्ही टाकलेले फोटो तिथे ओळीने मांडलेले दिसतील, न कापलेले. मी फाइल बाहेर पाठवण्याआधी ‘मीडिया’त डोकावतोच.

उपाय सोपा आहे. फोटोवर क्लिक, ‘पिक्चर फॉरमॅट’, ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’. तिथे ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर खूण करा आणि ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’वरची खूण काढा, म्हणजे सगळ्या फोटोंना लागू होईल. मग सेव्ह. माझी स्वतःची सवय याहून जुनाट आहे: फोटो आधी पेंटमध्ये कापायचा आणि कापलेलाच स्लाइडवर आणायचा. एक पायरी वाढते, पण झोप शांत लागते.

आधार नंबरवर पांढरा चौकोन ठेवणारे तर याच पंथातले. तो चौकोन माउसने बाजूला ओढला की संपलं. पीडीएफ केली तरी खालचा फोटो आत राहू शकतो. आधारची प्रत दाखवायचीच असेल तर ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

एक्सेलचा चार्ट चिकटवताना ‘एम्बेड’ निवडलंत, तर चार्टसोबत पूर्ण वर्कबुक फाइलमध्ये येतं. पगाराचं शीट त्याच वर्कबुकात असेल तर तेही. आकडे नंतर बदलायचे नसतील तर सरळ ‘पिक्चर’ म्हणून पेस्ट करा.

स्लाइडवर फोटो लहान केला म्हणजे फाइल हलकी झालीच असं नाही, तेही याच कारणाने. मोबाइलचा ४००० × ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके (पिक्सेल). फुल एचडी प्रोजेक्टर दाखवतो १९२० × १०८०, म्हणजे २१ लाखही नाहीत. स्लाइडवर तो फोटो तिकिटाएवढा केला तरी फाइलमध्ये वजन तेवढंच राहू शकतं. वरच्याच ‘कॉम्प्रेस’मध्ये १५० पीपीआय (एका इंचात १५० ठिपके) निवडा. १३.३३ इंचांच्या स्लाइडला त्यात आडवे २००० ठिपके मिळतात, सभागृहाला पुष्कळ झाले.

आता ज्याने माझं डोकं उठतं ते. ३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाईंच्या जयंतीच्या पीपीटी येतात आणि पहिल्याच स्लाइडवर सावित्रीबाईंचा चेहरा आडवा ताणलेला असतो. का, तर उभा फोटो आडव्या स्लाइडभर बसवायचा होता! आदर दाखवायला फोटो लावायचा आणि चेहराच बिघडवायचा, याला काय म्हणावं? फोटो निवडल्यावर कडेच्या मधोमध जो गोल दिसतो, त्याला हात लावू नका. फोटो फक्त कोपऱ्यातून ओढा. पॉवरपॉइंटच्या शेप्सना तेही पुरत नाही, तिथे शिफ्ट दाबून ठेवावं लागतं. ताणलेली फाइल हातात आलीच तर फोटोवर उजवं क्लिक करून ‘साइज अँड पोझिशन’ उघडा. ‘स्केल हाइट’ आणि ‘स्केल विड्थ’ यांचे टक्के वेगळे असतील तर फोटो ताणलेला आहे. ‘रिसेट पिक्चर अँड साइज’ करा आणि पुन्हा नीट बसवा. बाजूला जागा उरली तर उरू द्या, तिथे नाव आणि जन्मसाल लिहा. रिकाम्या जागेची एवढी धास्ती कशाला?

बाकीच्या किरकोळ:

लोगो प्रत्येक स्लाइडवर वेगळा चिकटवू नका, स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइड्सच्या मूळ साच्यात, एकदाच टाका.

गूगलवर ‘पारदर्शक पीएनजी’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक फोटोंत मागचे करडे-पांढरे चौकोन फोटोतच रंगवलेले असतात. शोधयादीतलं छोटं चित्र सेव्ह न करता मूळ पान उघडून घ्या.

फोटो बदलायचा असेल तर डिलीट करून नवा टाकू नका. ‘चेंज पिक्चर’ने जागा आणि ॲनिमेशन टिकतं.

व्हॉट्सॲपवरून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा. एवढं सांगूनही लोक साधाच फोटो पाठवतात, मग ‘सर, धूसर का दिसतंय?’ म्हणून विचारतात.