मिथुन उल्कावर्षावासाठी रात्रीची आकाशदर्शन सहल कशी आखावी

ऑगस्टमध्ये ययाती उल्कावर्षावाच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकतात, तेव्हा महाराष्ट्राचे आकाश पावसाळी ढगांनी भरलेले असते आणि हौशी मंडळी हिरमुसतात. आपल्याकडे भरवशाचा उल्कावर्षाव म्हणजे डिसेंबरचा मिथुन राशीतला. दरवर्षी १३ डिसेंबरची रात्र आणि १४ ची पहाट हा त्याचा भर असतो, आकाश बहुधा स्वच्छ मिळते, आणि ज्या पुनर्वसू नक्षत्राजवळून उल्का आल्यासारख्या दिसतात ते रात्री आठच्या सुमारास ईशान्येला उगवून दोन-अडीचला जवळजवळ डोक्यावर येते. पंचवीस-तीस जणांना घेऊन जाणाऱ्या संयोजकाने याच रात्रीचा विचार करावा.

तारीख ठरलेलीच असते. पाहायची असते ती तिथी. २०२३ साली हा वर्षाव अमावास्येच्या आसपास आला होता, तर २०२४ साली पौर्णिमेला खेटून आला आणि चांदण्यात फक्त ठळक उल्काच दिसू शकल्या. २०२६ मध्ये अमावास्या ९ डिसेंबरला आहे, म्हणजे १३ तारखेची चंद्रकोर रात्री लवकरच मावळेल आणि पुढची सारी रात्र अंधारी मिळेल. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो, एवढे ध्यानात ठेवले की कोणत्याही वर्षीचा बेत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून आखता येतो.

जागेचा शोध दिवसा घ्यावा आणि पारख रात्री करावी. मुंबईकर आकाशनिरीक्षक वर्षानुवर्षे मध्य रेल्वेवरील वांगणीला जात आले आहेत. विदर्भातल्या लोकांसाठी पेंच व्याघ्रप्रकल्प आहे, ज्याला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या अंधाऱ्या आकाशाचे ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. मात्र नावाजलेलीच जागा हवी असे नाही. गावापासून थोडे दूर असलेले, चहूबाजूंनी मोकळे, कापणी झालेले शेत पुरते. पण शेतमालकाची परवानगी, पोलीस पाटलांना पूर्वकल्पना आणि चालत पोहोचता येईल असे स्वच्छतागृह या तीन गोष्टींत तडजोड करू नये. गवत आणि बांध उजेडातच नीट पाहून घ्यावेत, कारण रात्री अंधारात हिंडणाऱ्या माणसाला साप-विंचू दिसत नाहीत. रात्रीच्या पाहणीची कसोटी सोपी आहे: कृत्तिकेत साध्या डोळ्यांनी सहा तारे सहज मोजता आले तर जागा चांगली, आणि एक धूसर ठिपकाच दिसत असेल तर आणखी पुढे जावे.

यानंतरचे संयोजकाचे मुख्य काम अंधार राखण्याचे आहे, आणि माझ्या मते सहलीचे यश जवळजवळ पूर्णपणे त्यावरच अवलंबून असते. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे टाकलेली एक नजर ती सवय क्षणात मोडते. एका वर्षी रात्री दीडच्या सुमारास, ऐन रंगात असताना, उशिरा आलेली एक गाडी हेडलाइट लावूनच थेट मैदानापर्यंत आली. दिवे विझले तरी तीस जणांचे आकाश अर्धा तास परत आले नाही, आणि तो अर्धा तास रात्रीतला सर्वांत चांगला होता. तेव्हापासून मी वाहने मैदानापासून दूर, वळणाआडच उभी करायला लावतो आणि तिथून पुढे सर्वांना चालत आणतो. प्रत्येक बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाच्या तीन-चार घड्या रबरबँडने घट्ट बसवाव्यात. एकच घडी घातली तर उजेड गुलाबी पडतो आणि डोळ्यांना खुपतो. बॅटरी तळहातावर धरल्यावर हाताच्या रेषा जेमतेम दिसाव्यात, इतकाच प्रकाश हवा.

ताडपत्रीवर सतरंजी आणि अंगावर गोधडी असा बिछाना करावा, कारण पहाटे दव पडून खालचा कपडा ओला होतो. कानटोपी, पायमोजे आणि चश्मा पुसायला कोरडे सुती फडके प्रत्येकाकडे असावे. दुर्बीण किंवा टेलिस्कोप यांची इथे गरज नाही. त्यांतून आकाशाचा छोटासा तुकडा दिसतो आणि उल्का कुठेही चमकू शकते. सर्वांनी पाठीवर पडून, थेट पुनर्वसूकडे टक न लावता त्यापासून थोडे बाजूला पाहावे, कारण तिथल्या उल्कांच्या रेषा अधिक लांब दिसतात. कुणीतरी "ती बघा!" म्हणून ओरडते आणि सगळे माना वळवतात, पण उल्का सेकंदभरात विझलेली असते, म्हणून आवाज आला तरी आपली दिशा सोडू नये, असे सुरुवातीलाच सांगावे. नऊ-दहाच्या सुमारास उल्का कमी असतात, पण क्षितिजालगत सावकाश सरकणारी एखादी लांबलचक रेष याच वेळी दिसते, तेव्हा जेवण आटोपून लवकर आडवे व्हावे.

मार्गदर्शकाने मृग, व्याध आणि रोहिणी दाखवून सुरुवात करावी आणि मग या वर्षावाचे वेगळेपण समजावून सांगावे. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात. हा मात्र फेथॉन या लघुग्रहाच्या कणांतून होतो, ज्याचा शोध १९८३ साली आयरास उपग्रहाच्या निरीक्षणांतून लागला. पाच-सहा किलोमीटर व्यासाचा हा खडक सुमारे १.४ वर्षांत सूर्याभोवती फिरतो आणि त्या फेरीत बुधाच्या कक्षेच्याही आत जातो. त्याचे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. हा वेग इतर काही वर्षावांच्या मानाने कमी असल्यामुळे उल्का डोळ्यांना नीट टिपता येतात.

"तासाला १२० उल्का" हा आकडा ऐकून आलेल्यांना आधीच सांगावे, की तो पूर्ण अंधाऱ्या आकाशासाठी आणि उगमबिंदू (उल्का जिथून आल्यासारख्या दिसतात ती जागा) थेट डोक्यावर असल्याचे गृहीत धरून काढलेला असतो. चांगल्या जागेवरही प्रत्यक्ष मोजणी याहून बरीच कमी भरते. मोजणी जरूर करावी. पाच जणांचे गट करून चौघांनी आकाशाची एकेक दिशा वाटून घ्यावी, पाचव्याने न पाहता लाल उजेडात दर पंधरा मिनिटांची नोंद करावी आणि गटाने जागा आलटून-पालटून घ्यावी. पुनर्वसूकडून न आलेली उल्का वेगळ्या रकान्यात लिहावी. मुलांना हे काम विशेष आवडते, आणि मोजणी सुरू असली की तीनच्या झोपेलाही कुणी बळी पडत नाही.

साडेपाचच्या सुमारास पूर्व उजळू लागली की नोंदी एकत्र कराव्यात, सतरंज्या झटकून शेतात राहिलेला कचरा उचलावा आणि सर्वांना गरम चहा-पोहे द्यावेत. गाडी चालवणाऱ्याला मात्र रात्री अकरापासूनच झोपायला लावलेले असावे; त्याला जागे ठेवून उल्का दाखवण्याचा आग्रह कुणी धरू नये.