फिटेड चादरीची घडी: कड सोडा, कोपरे धरा

फिटेड चादरीची, म्हणजे कडेला इलॅस्टिक असलेल्या आणि गादीवर ओढून बसवायच्या चादरीची, घडी जमत नाही असं म्हणणारी माणसं घडी घालताना पाहिली, की त्यांचे हात नेमके इलॅस्टिकच्या कडेवर असतात. साध्या चादरीची सवय असते, म्हणून आपण इथेही कडेला कड जुळवायला जातो. पण इलॅस्टिकची कड सरळ राहावी म्हणून शिवलेलीच नसते. ओढली की लांबते, सोडली की चुण्या पडून गोळा होते. तिच्या भरवशावर घडी घातली की हातात बोळा येणारच. या चादरीत जागच्या जागी राहणारी गोष्ट एकच, चार कोपऱ्यांच्या चार शिवणी. घडी त्यांच्यावर बेतायची.

उभं राहून, कोपऱ्यांत हात घालून, चादर हवेत धरून घडी घालायची पद्धत बऱ्याच जणांनी पाहिलेली असेल. माझी जाऊ तशीच घालते आणि सुरेख घालते. पण ती उंच आहे. माझी उंची बेताची, त्यात उजवा खांदा आखडलेला. डबलबेडची चादर मी हातात धरली की निम्मी जमिनीवर लोळते. म्हणून मी सगळं पलंगावर करते. ज्यांचे खांदे किंवा मनगटं दुखतात त्यांनी तर पलंगावरच करावं, असा माझा आग्रह आहे. चादर मोठी असली तरी तिचं वजन पलंग पेलतो, तुम्हाला फक्त कोपरे हलवायचे असतात.

घडीला बसण्याआधी कोपऱ्याची शिवण चिमटीत धरून बघा. चादरीचा मधला भाग खडखडीत वाळला तरी शिवणीत आणि इलॅस्टिकच्या पट्टीत कापडाचे दोन-तीन थर असतात, वर चुण्या. तिथे ओल सगळ्यात शेवटपर्यंत राहते. बोटांना जरा जरी गार लागलं तरी अजून वाळू द्या. कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास पुष्कळदा या पट्टीतूनच सुरू होतो.

आता चादर पलंगावर उलटी पसरा. छापील बाजू गादीकडे, इलॅस्टिक वर. लांब बाजू पलंगाच्या लांबीच्या दिशेनेच ठेवा. इलॅस्टिक आत वळत राहील, वळू दे.

पायथ्याची पूर्ण बाजू उचलून उशाकडे आणा, म्हणजे चादर लांबीत दुमडली जाईल. वरच्या थरातले दोन कोपरे आता खालच्या दोन कोपऱ्यांवर उपड्या टोपीसारखे पडलेले दिसतील. त्यातल्या एकाच्या टोकावर दोन बोटं ठेवा आणि ते टोक खाली दाबत खालच्या कोपऱ्याच्या खोळीत घाला, अगदी शेवटपर्यंत. वरचा कोपरा आपोआप उलटा होऊन खालच्यात बसतो. बोटं आत असतानाच दुसऱ्या हाताने बाहेरून चाचपडून बघा. दोन शिवणी एकावर एक आल्या असतील तर एकच जाड रेघ लागते. दोन रेघा वेगवेगळ्या लागल्या तर टोक अर्ध्यावरच अडकलंय. सगळ्या घडीत वेळ द्यायचा तो इथे. इथे बोटभर फरक राहिला तर पुढे तो तिरका होत जातो आणि मग कितीही हात फिरवला तरी घडी सरळ होत नाही. दुसऱ्या कोपऱ्याचंही तसंच करा.

मग एक बाजू उचलून दुसऱ्या बाजूवर आणा आणि जोडीचा कोपरा दुसऱ्या जोडीच्या खोळीत तसाच दाबा. चार कोपरे एकात एक गेले. त्या कोपऱ्याला हात घालून चादर एकदा झटका, पुन्हा आडवी ठेवा आणि तळहाताने मधून कडेकडे हात फिरवा.

आता समोरच्या तुकड्याच्या दोन बाजू सरळ आहेत, त्या दुमडीच्या. उरलेल्या दोन बाजूंना इलॅस्टिक आहे आणि ती चार कोपऱ्यांपाशी मिळते. इलॅस्टिकच्या दोन्ही बाजू आत दुमडा. किती दुमडायच्या, तर चुण्या संपून सपाट कापड सुरू होतं तिथपर्यंत. हे झालं की तुमच्यासमोर स्वच्छ आयत असतो. इथून पुढे ती साध्या चादरीसारखीच. रुंदीत तीन घड्या, मग लांबीत तीन. प्रत्येक वेळी इलॅस्टिकची बाजू आधी आत घ्या आणि सरळ बाजू तिच्यावर आणा, म्हणजे बाहेर फक्त सरळ कडा दिसतात. 60 बाय 78 इंची गादीची चादर असेल तर चौपदरी झाल्यावर साधारण 30 बाय 39 इंच होते आणि शेवटची घडी 10 बाय 13 इंचांच्या आसपास येते. तुमचा कप्पा कमी खोल असेल तर लांबीत तीनऐवजी चार घड्या घाला. मात्र घरातल्या सगळ्या चादरींचं माप एकच ठेवा. वेगवेगळ्या मापांच्या घड्यांची चळत टिकत नाही.

काही चादरींना फक्त कोपऱ्यांपुरतं इलॅस्टिक असतं. त्यांच्या कडा सरळ असतात, त्यामुळे काम निम्म्याने हलकं. पद्धत तीच.

ठेवण्याबद्दल. फिटेड चादर, वरची चादर आणि एक अभ्रा यांच्या घड्या एकत्र करून त्याच संचाच्या उरलेल्या अभ्र्यात सरकवा. पलंग बदलताना एकच पुडकं काढायचं, शोधाशोध नाही. मी ही पुडकी चळतीने न ठेवता खणात उभी ठेवते. एक ओढलं तरी बाकीची ढासळत नाहीत. धुऊन आलेलं पुडकं मागे, वापरायला काढायचं ते पुढून. असं केलं नाही तर वरच्याच दोन चादरी सतत वापरल्या जाऊन झिजतात आणि तळातल्या नुसत्या पडून राहतात.

घरात वेगवेगळ्या उंचीच्या गाद्या असतील तर खूण हवीच. 6 इंची गादीची चादर 10 इंची गादीवर ओढून बसवली की कोपऱ्याची शिवण उसवते, आणि हे दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. मी आतल्या बाजूने शिवणीजवळ, न पुसणाऱ्या पेनाने, गादीची उंची लिहिते. पायथ्याच्या बाजूला लाल दोऱ्याचे दोन टाकेही घालते. त्यामुळे लांब बाजू कुठली, आखूड कुठली, हे चादर पसरण्याआधीच कळतं.

सुती चादरी हवाबंद प्लास्टिकमध्ये कोंडू नका, आत राहिलेली ओल बाहेर पडत नाही. कापडी पिशवी चांगली. डांबराच्या गोळ्या मी चादरींच्या कपाटात ठेवतच नाही. त्यांची वाफ श्वासाला वाईट, आणि चादरीवर आपण रात्रभर तोंड टेकून झोपतो.

इलॅस्टिक सैल पडायला कडक ऊन, फार गरम पाणी आणि क्लोरीनचं ब्लीच, तिन्ही कारणीभूत असतात. इस्त्रीही फक्त मधल्या सपाट भागावरून फिरवा, पट्टीवरून नको. तरी सैल झालंच तर आधी पट्टी उलटून बघा. इलॅस्टिक नळीसारख्या पट्टीत ओवलेलं असेल तर दोन बोटं शिवण उसवून, जुन्याच्या टोकाला सेफ्टी पिनेने नवं जोडून ओढून घेता येतं. ते थेट कापडावर शिवलेलं असेल तर ओवता येत नाही. तिथे चारही कोपऱ्यांना दोन्हीकडे वीतभर अंतरापर्यंत नवं इलॅस्टिक ताणून वरून शिवून घ्या. चादर गादीवर बसायला तेवढं पुरतं.