टीव्हीवरचा गोल्फचा धडा रेंजवर नेण्याआधी

टीव्हीवर शिकवणाऱ्या कोचला तुम्ही दिसत नाही, सगळी गोम इथेच आहे. क्लबातला प्रो, म्हणजे प्रशिक्षक, आधी तुमचे चार बॉल बघतो आणि मग तोंड उघडतो. टीव्हीवरचा सरळ औषधच देतो. रोग कोणता, हे तुम्हीच ठरवायचं. म्हणून टीव्ही लावण्याआधी थोडं काम करून ठेवा. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.)

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सेव्हन आयर्नने (मध्यम अंतराचा क्लब) 10 आणि ड्रायव्हरने (सर्वात लांब मारायचा क्लब) 10 बॉल मारा. वहीत तीन रकाने करा: बॉल निघाला कुठे, वळला कुठे, फेसवर (क्लबच्या बॉलला लागणाऱ्या सपाट भागावर) लागला कुठे. तिसऱ्या रकान्यासाठी व्हाइटबोर्ड मार्करने फेस रंगवा. बॉल लागतो तिथली शाई उडते आणि ठिपका दिसतो. दर फटक्यानंतर पुसून पुन्हा रंगवावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. ड्रायव्हरवर बॉल हीलकडे (दांड्याच्या बाजूला) लागला की क्लबचं हेड किंचित फिरतं आणि बॉलला उलट बाजूची फिरकी मिळते, त्यामुळे तो उजवीकडे वळतो. ‘टो’कडे (बाहेरच्या टोकाकडे) लागला तर डावीकडे. म्हणजे महिनाभर स्लाइस (बॉल उजवीकडे वळणं) घालवण्याचे एपिसोड बघून तुम्ही स्विंगचा पाथ (क्लब फिरण्याची दिशा) बदलत बसाल, आणि खरी गरज बॉलपासून अर्धा इंच लांब उभं राहण्याची असेल.

आता एपिसोड निवडा. चांगला धडा ओळखायला पहिली दोन मिनिटं पुरतात. ‘तुमचा बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल, तर हे तुमच्यासाठी’ असं कोच सुरुवातीलाच सांगतो का? चूक स्वतः करून दाखवतो का? आणि बरोबर झालं की चुकलं, हे त्याच्याशिवाय तुम्हाला कळेल असा ड्रिल देतो का? ‘हिप्स मोकळे सोडा’, ‘लॅग टिकवा’ एवढंच सांगून पुढच्या जाहिरातीकडे वळणारा धडा सोडून द्या. फटक्यानंतर लगेच कट मारून फ्लॅगशेजारी थांबलेला बॉल दाखवला, तर तो त्याच फटक्याचा आहे याचीही खात्री नसते.

कोच जे ‘जाणवतं’ असं सांगतो आणि कॅमेऱ्यात जे दिसतं, त्यात बराच फरक असतो, हेही ध्यानात असू द्या. ‘मला वाटतं की मी हात नुसते खाली सोडतो’ असं प्रो म्हणतो, आणि स्लो मोशनमध्ये त्याचं सगळं शरीर जोरात फिरत असतं. त्याची जाणीव तुमच्या अंगात तशीच उतरेल असं नाही. उतरली की नाही, ते फोनवर शूट करूनच कळेल.

कॅमेऱ्याच्या जागेने माणूस सर्वात जास्त फसतो. टार्गेटच्या रेषेत मागून घेतलेल्या शॉटमध्ये कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत हवा. तो तुमच्या टाचांच्या बाजूला सरकला, तर बरोबर चाललेला टेकअवेही (क्लब मागे नेण्याची सुरुवात) बाहेर गेल्यासारखा दिसतो. बॉलच्या पलीकडे सरकला, तर तोच आत ओढल्यासारखा दिसतो. टीव्हीवरच्या स्विंगशी तुलना करायची, तर आपला कॅमेरा आधी त्याच जागी लावा, नाहीतर नसलेली चूक सुधारत बसाल. फोनच्या व्हिडिओत इम्पॅक्टजवळ, म्हणजे क्लब बॉलला लागताना, शाफ्ट (क्लबचा दांडा) धनुष्यासारखा वाकलेला दिसतो, त्याने घाबरू नका. सेन्सर चित्र एकेका ओळीने वाचतो, त्याचा हा परिणाम. आणि स्लो मोशनआधी एकदा पूर्ण वेगात बघा. डाउनस्विंग पाव सेकंदात संपतो. त्यातल्या सहा पोझिशन ठरवून गाठणं कोणालाच जमत नाही.

धडा किती जुना आहे, हेही बघा. अर्नोल्ड पामर यांच्या भागीदारीत अमेरिकेतलं गोल्फ चॅनल 1995 मध्ये सुरू झालं. त्या काळात आणि नंतरही कित्येक वर्षं असंच शिकवलं जाई की बॉल स्विंगच्या पाथवर निघतो आणि फेस जिकडे असेल तिकडे वळतो. ट्रॅकमॅनसारखे बॉलचा मार्ग मोजणारे रडार आले आणि हे उलटं ठरलं. बॉल कुठे निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो: ड्रायव्हरला साधारण 85 टक्के, आयर्नला 75 टक्के. जुन्या पद्धतीने ड्रॉ (हलकेच डावीकडे वळणारा फटका) मारायला पाय उजवीकडे आणि फेस टार्गेटवर ठेवला, तर बॉल जवळजवळ टार्गेटकडेच निघतो आणि तिथून डावीकडे पळतो. ड्रॉ हवा असेल तर फेस टार्गेटच्या उजवीकडे, पण पाथच्या डावीकडे हवा. उदाहरणार्थ पाथ 4 अंश उजवीकडे, फेस 2 अंश. ग्रिप, पोश्चर आणि पटिंग (बॉल होलकडे घरंगळवणं) या विषयांवरचे जुने धडे मात्र अजून कामाचे आहेत.

औषध कोणासाठी आहे, तेही पारखा. जुन्या पिढीतले अमेरिकन खेळाडू बेन होगन यांना हुकचा (बॉल जोरात डावीकडे वळण्याचा) त्रास होता आणि त्यांनी ग्रिप कमजोर, म्हणजे डावा हात क्लबवर डावीकडे फिरवून, तो आटोक्यात आणला. स्लाइसवाल्याने ती ग्रिप धरली तर त्याचा बॉल थेट शेजारच्या फेअरवेवर. ड्रायव्हरसाठी नमुना शोधायचा तर क्लबातल्या बहुतेक पुरुषांनी पुरुषांच्या व्यावसायिक टूरऐवजी महिलांची टूर बघावी. एलपीजीए या महिलांच्या टूरवरच्या खेळाडूंचा सरासरी क्लबहेड वेग ताशी 94 मैलांच्या आसपास, तुमच्याआमच्या जवळचा. पुरुषांच्या पीजीए टूरवर तो 113 च्या वर जातो. वेग कमी असल्याने या खेळाडू ड्रायव्हर किंचित वर जाताना मारतात, आणि कमी वेगात अंतर मिळवायचं तर तेच शिकायला हवं. 2021 च्या ऑगस्टमध्ये भल्या पहाटे उठून टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या अदिती अशोकला चौथी येताना ज्यांनी पाहिलं, त्यांना लांब ड्राइव्हशिवाय किती पुढे जाता येतं ते सांगायला नको.

रेंजवर एका वेळी एकच गोष्ट न्या. आधी बॉलशिवाय तीन संथ स्विंग, अतिशयोक्ती करून. मग अर्ध्या वेगाने एक बॉल. असं दहा वेळा. वेग त्यानंतरच वाढवा. मॅटवर सराव करत असाल तर फॅट फटका लपतो: क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकतो, मॅटवरून घसरत पुढे येतो आणि बॉल बरा जातो. तोच फटका गवतावर जमिनीत रुततो. म्हणून बॉलच्या मागे 10 सेंटिमीटरवर घडी घातलेला नॅपकिन ठेवा. तो लागला तर फटका चुकला. तीन वेळा रेंजवर जाऊनही वहीतले तीनही रकाने हललेच नाहीत, तर ती टिप तुमच्यासाठी नव्हती.

पूर्ण स्विंगपेक्षा पटिंग आणि बंकर (वाळूच्या खड्ड्यातले फटके) टीव्हीवरून फार चांगले शिकता येतात. हालचाल छोटी असते आणि तपासणी घरीही होते. होल 108 मिलिमीटरचा. तीन मीटरवरून फेस 1 अंश चुकला तर बॉल मध्यापासून 5 सेंटिमीटरवर, म्हणजे अगदी कडेवर. एक मीटरच्या स्टीलच्या पट्टीवरून बॉल पुढच्या टोकापर्यंत न पडता जायला हवा. सलग दहातले आठ गेले की पट्टी काढून पट मारा.

बंकरच्या धड्यात वाळूत रेघ मारा आणि बॉलशिवाय दहा वेळा क्लब त्या रेघेवरच वाळूत शिरवा. मग बॉल रेघेपुढे 5 सेंटिमीटरवर ठेवा. एक अडचण मात्र टीव्ही बहुधा सांगत नाही. तिथली वाळू कोरडी, भुसभुशीत असते. आपल्याकडे जुलैत ती भिजून घट्ट होते, आणि फेस उघडून मारला की बाउन्स (क्लबच्या तळाचा फुगीर भाग) आपटून क्लब उसळतो आणि बॉल समोरच्या कडेत घुसतो. पावसाळ्यात कमी बाउन्सची वेज (उंच मारायचा छोटा क्लब) घ्या, फेस जवळजवळ सरळ ठेवा आणि स्विंग थोडा छोटा करा, कारण ओल्या वाळूतून बॉल जास्त जोरात निघतो.