निराधारचे पैसे आले नाहीत? तहसीलला जायच्या आधी हे बगा

आमच्या आत्याचे संजय गांधी निराधारचे पंधराशे दोन महिने आलेच नाहीत, तिकडं उन्हात तीन चकरा झाल्या, खिडकीवरचा साहेब म्हणे "बँकेत विचारा" अन् बँकवाले म्हणे तहसीलला जा. शेवटी कळलं पैसे येतच होते, पण दुसऱ्याच खात्यात, जे कुणीतरी अंगठा घेऊन उघडलं होतं अन् तिला आठवतबी नव्हतं.

डीबीटीचा पैसा, म्हणजे सरकार थेट बँकेत टाकतं तो, फॉर्मवरच्या खात्यात जाईलच असं नाही, आधारला जी बँक जोडलेली असंल तिथं जातो. म्हणून आधी घरीच:

१. मोबाईलवर मायआधारची वेबसाईट उघडा, आधार नंबर अन् ओटीपी टाकून लॉगिन करा.
२. 'बँक सीडिंग स्टेटस' दाबा. बँकेचं नाव दिसंल, अन् आधारची जोडणी चालू आहे का बंद तेबी.
३. त्याच बँकेत पासबुक भरून घ्या. बंद दाखवत असंल तर आपल्या बँकेत आधार जोडायचा फॉर्म द्या.

तरीबी पैसे नसतील तर मग अर्ज घेऊन तहसीलला जा, दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का घेतल्याबिगर खिडकी सोडू नका.

ओटीपी मात्र कुणालाच सांगू नका, फोनवर "तहसीलातून बोलतोय" म्हणला तरी.